फ्रॅटर्निटीत जाऊ द्यावं का?

(पुण्याच्या एका आईचं पत्र : मुलगा ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठात इंजिनिअरिंगला जातोय. फ्रॅटर्निटी म्हणजे निवडून सभासद घेणाऱ्या, विद्यापीठाविद्यापीठांत शाखा असलेल्या विद्यार्थी संघटना. तिथल्या ओळखींवर नोकऱ्या मिळतात, असं सिनिअर सांगतात. पण विद्यापीठाने त्यांच्यावर बरीच बंधनं घातली आहेत. म्हणजे वातावरण वाईटच ना?)

ताई, बंधनांमागचं कारण आधी सांगते. फेब्रुवारी 2017 मध्ये तिथल्या बीटा थीटा पाय या फ्रॅटर्निटीत नव्या सभासदांना भरमसाट दारू पाजली गेली. 19 वर्षांचा एक मुलगा जिन्यावरून पडला. सोबत्यांनी मदत बोलावली ती सुमारे बारा तासांनी. तो वाचला नाही. विद्यापीठाने ती शाखा कायमची बंद केली. दारूच्या पार्ट्या सेमिस्टरला 45 वरून 10 वर आणल्या, त्यातही फक्त बिअर आणि वाइन. नवख्यांची भरती पहिल्या सेमिस्टरऐवजी दुसऱ्यात नेली.

आपल्याकडच्या रॅगिंगपेक्षा हे वेगळं आहे. रॅगिंगमधून मुलगा सुटायला बघतो. इथे आत शिरायचं म्हणून तो आपणहून सोसतो, आणि म्हणूनच घरी फोन येत नाही. मला खरी भीती याची वाटते. पेन स्टेट ज्या राज्यात आहे त्या पेनसिल्व्हेनियाच्या, अशा छळाविरुद्धच्या 2018 च्या कायद्यात ‘त्याची संमती होती’ हा बचाव चालत नाही, ते बरंच आहे.

तरी सरसकट नाही म्हणू नका. ओळखींचा फायदा होतो, खोटं कशाला बोलू? पण पहिली इंटर्नशिप बहुतेकांना करिअर फेअर, प्राध्यापकांची लॅब किंवा एखाद्या प्रोजेक्ट टीममधून मिळते. पहिलं सेमिस्टर त्याने तिकडे घालवावं. थीटा टाउसारख्या इंजिनिअरिंगच्या व्यावसायिक फ्रॅटर्निटीही असतात. अर्थात नावावर जाऊ नये. सिरॅक्यूज विद्यापीठाने 2018 मध्ये याच संस्थेची आपली शाखा एका आक्षेपार्ह व्हिडिओवरून हाकलली होती.

म्हणून शाखा कोणती, ते बघा. अमेरिकेच्या डिसेंबर 2024 च्या केंद्रीय कायद्यानुसार विद्यापीठांना अशा छळाबद्दल दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. ती वाचा, वर्गणी विचारा. आणि 21 वर्षांखाली दारू तिथे बेकायदा आहे, हे त्याला स्पष्ट सांगा. व्हिसाच्या अर्जात अटकेबद्दल विचारतात. दारू पिऊन गाडी चालवताना पकडला गेला तर व्हिसा रद्दही होऊ शकतो.

त्याने शाखेचं नाव ठरवलं की तिची माहिती दोघांनी सोबत बसून वाचा, त्याच्या अपरोक्ष नको.