एबी डिव्हिलियर्स, फाफ डू प्लेसी, हॅन्सी क्रोनिए ही आडनावं फ्रेंच वाटतात. हे लोक मूळचे फ्रेंच आहेत का? आफ्रिकेत कसे पोचले?

आडनावं फ्रेंचच आहेत, तुमचा कान बरोबर आहे. माणसं मात्र फ्रेंच नाहीत, निदान गेली अडीचशे वर्षं तरी नाहीत. घरात आफ्रिकान्स (डचमधून निघालेली तिकडची भाषा), बाहेर इंग्लिश, आणि फ्रेंच तुमच्या-माझ्याइतकंच. मी नोकरीनिमित्त काही काळ केपटाऊनला होतो तेव्हा ऑफिसात डू टॉइट, मलान, रूसो असली मंडळी भरपूर होती, त्यांना विचारलं की सगळे एकच शब्द सांगायचे, ह्युगेनॉट. मग मला त्याचा नादच लागला. सगळ्या घराण्यांचं सांगत बसलो तर रात्र होईल, म्हणून फक्त डिव्हिलियर्सांचं सांगतो, कारण त्यांचे कागद चांगले शिल्लक आहेत.

ह्युगेनॉट म्हणजे फ्रान्समधले प्रोटेस्टंट. देश कॅथलिक, त्यामुळे यांचे हाल. १५९८ मध्ये चौथ्या हेन्री राजाने नान्तचा फर्मान काढून त्यांना थोडी मोकळीक दिली होती, ती चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतली. देवळं पाडली, पाद्र्यांना हाकललं, आणि बाकीच्यांना सांगितलं की धर्म बदला, देश सोडायचा नाही. तरी दोनेक लाख लोक चोरून पळाले, त्यातले बरेच हॉलंडला गेले. तिथल्या डच ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच, मलबारात आणि वेंगुर्ल्यात वखारी असलेली) केपमध्ये, म्हणजे आजच्या केपटाऊनच्या परिसरात, शेतकरी हवेच होते. पूर्वेकडे जाणारी जहाजं तिथे ताजी भाजी, मांस, पाणी घ्यायला थांबायची, आणि वाइन तिथे १६५९ पासून निघत होती पण दर्जा यथातथाच. म्हणून कंपनीने या निर्वासितांना ऑफर दिली की प्रवास फुकट, कसाल तेवढी जमीन, अवजारं-बियाणं उधारीवर, पण किमान पाच वर्षं राहायचं आणि कंपनीशी इमान राखायची शपथ घ्यायची.

१६८८ पासून जहाजं सुटली. फाफचं आडनाव लावणारा झां प्रिएर डू प्लेसी, प्वातिएचा सर्जन, तो त्याच वर्षी ऊस्टरलँड नावाच्या जहाजाने पोचला. तिघे डिव्हिलियर्स भाऊ, पिएर, अब्राहाम आणि जाक, पुढच्या वर्षी मे महिन्यात झिऑन जहाजातून उतरले. त्यांच्यासोबत कंपनीच्या डेल्फ्ट शाखेचं केपच्या अधिकाऱ्यांना पत्र होतं आणि ते आजही उपलब्ध आहे. त्यात म्हटलंय की हे तिघे भाऊ ला रोशेलजवळचे, द्राक्षाचे मळे लावण्यात जाणकार आहेत असं कळतं, तरी यांना मदत करावी. म्हणजे चक्क शिफारसपत्र! ला रोशेल हा प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला, १६२८ मध्ये वर्षभराच्या वेढ्यानंतर उपाशी पडून शरण गेलेला, त्यामुळे तिकडच्या पोरांना पळून जाण्याचं बाळकडू घरातच मिळालं असणार, असा आपला माझा अंदाज.

जमीन मिळाली ती डोंगरांच्या मधल्या एका खोऱ्यात, जिथे तोवर हत्ती फिरायचे म्हणून डच लोक त्याला ऑलिफांट्सहूक म्हणत. आताचं फ्रान्सहूक ते हेच. पिएरच्या शेताचं नाव बुर्गोन्य, अब्राहामचं शांपान्य, जाकचं ला ब्री. अब्राहाम आणि जाक यांनी गार्डिओल घरातल्या दोन सख्ख्या बहिणींशी लग्नं केली, म्हणजे बहिणीच एकमेकींच्या जावा. अब्राहामला मुलीच राहिल्या, त्यामुळे आडनाव पुढे गेलं ते मुख्यतः पिएर आणि जाकच्या मुलांकडून, आणि ती मुलं भरपूर होती.

आता फ्रेंच गेली कशी, ते बघा. गव्हर्नर सिमोन फान डर स्टेलने या लोकांना मुद्दाम डच शेतकऱ्यांच्या अधेमधे जमिनी दिल्या, एका जागी गट होऊ नये म्हणून. १६८९ मध्ये पाद्री पिएर सिमोंच्या पुढाकाराने यांनी स्वतंत्र चर्च मागितलं तेव्हा गव्हर्नर जाम भडकला. शेवटी १६९१ मध्ये ड्राकेनस्टाइनला चर्च मिळालं, पण १७०१ मध्ये हॉलंडहून हुकूम आला की नव्या पाद्र्याने प्रवचन डचमध्येच द्यायचं, फ्रेंच फक्त म्हाताऱ्यांची विचारपूस करण्यापुरती, आणि शाळेत मुलांना डच. खल्लास. १७५२ मध्ये लाकाय नावाचा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ तिथे होता, त्याने लिहून ठेवलंय की चाळिशीच्या आतला फ्रेंच बोलणारा माणूस सापडत नाही. जबरदस्ती म्हणा किंवा काहीही म्हणा, साठ-पासष्ट वर्षांत भाषा साफ.

टूरिस्ट लोकांना ही कहाणी "छळातून पळालेली गरीब माणसं आणि त्यांच्या घामाने फुललेले मळे" अशी ऐकवतात, ती मला अर्धवट वाटते. जमीन खोईखोई पशुपालकांची होती, त्यांना हुसकावून ती वाटली गेली, आणि १७१३ च्या देवीच्या साथीने उरलेसुरलेही मोडले. मळ्यांत राबायला गुलाम होते, मादागास्करचे, मोझांबिकचे, इंडोनेशियाचे, आणि चक्क आपल्याकडचे, बंगाल, मलबार, कोरोमांडेलचे. जुन्या नोंदींत त्यांची नावं "फान बेंगालेन", "फान मलबार" अशी दिसतात. त्यातली एक, अँजेला फान बेंगालेन, १६६६ मध्ये गुलामीतून सुटली, गोऱ्या माणसाशी लग्न केलं, आणि आज कित्येक गोऱ्या आफ्रिकानेर (आफ्रिकान्स बोलणाऱ्या) घराण्यांची ती खापरपणजी लागते. तेव्हा "शुद्ध फ्रेंच रक्त" वगैरे कोणी सांगितलं तर हसून सोडून द्या.

घराणं पुढे बक्कळ पैसेवालं झालं. बोशेनडाल नावाचं मोठं वाइन इस्टेट आहे, ते अब्राहामने १७१५ मध्ये विकत घेतलं, दोन वर्षांनी जाककडे गेलं, आणि तिथून १८७९ पर्यंत डिव्हिलियर्सांकडेच होतं. १८१२ चा पांढरा वाडा अजून उभा आहे. शेती सोडूनही लोक वर आले, जॉन हेन्री डिव्हिलियर्स १९१० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या संघराज्याचा पहिला सरन्यायाधीश झाला, आणि जुन्या राष्ट्रगीताला चाल लावणारा पाद्रीही डिव्हिलियर्सच, ज्यातला तुकडा आजच्या राष्ट्रगीतात मॅचआधी तुम्ही ऐकताच.

आपल्याकडे कुलवृत्तांत काढतात तसंच तिकडेही चालतं. क्रिस्टॉफेल कुत्झे डिव्हिलियर्स नावाच्या माणसाने केपच्या सगळ्या जुन्या घराण्यांच्या वंशावळी जमवल्या, तो गेल्यावर १८९० च्या दशकात त्या तीन खंडांत छापल्या गेल्या. त्यामुळे तिकडचा कुठलाही डिव्हिलियर्स थोडी खटपट केली की झिऑन जहाजापर्यंत पोचतो. पण आडनाव सारखं म्हणून एबी आणि तिकडचाच जुना गोलंदाज फॅनी डिव्हिलियर्स यांना चुलत भाऊ समजू नका हं, तीनशे वर्षांत या आडनावाचे हजारो लोक झालेत.