आधी पाय दिसू देत

प्रिय दोस्ता,

जुन्या हॉलिवूड म्युझिकल्सची ओढ लागलीय आणि सुरुवात कुठून करायची, असं विचारलंस. चित्रपटांची नावं सांगेनच, पण आधी तुझा टीव्ही आणि फोन नीट लावून घे. या नाचांची निम्मी मजा चुकीच्या पडद्यामुळे जाते आणि बघणाऱ्याला वाटतं, नाचच जुनाट आहे.

१९५३ च्या आधीची बहुतेक म्युझिकल्स १.३७ : १ या मापात आहेत, म्हणजे चौकोनाच्या जवळपास. आजचा टीव्ही १.७८ : १. चित्र ताणून पडदा भरला की त्या काळचा मोठा नर्तक-अभिनेता फ्रेड अस्टेअर याचे लांबसडक पाय आखूड आणि जाडे दिसायला लागतात. वरून-खालून कापून भरला तर पावलंच जातात. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले पाहिजेत. दिसत नसतील तर सेटिंगमध्ये जाऊन चित्राचं मूळ माप निवड. फोनवरच्या उभ्या तुकड्यांमध्ये तर एक तर जोडीदार बाहेर जातो नाहीतर गुडघ्याखालचा भाग. त्यावरून कुठल्याही नाचाबद्दल मत बनवू नकोस.

मग मोशन स्मूदिंग बंद कर. हे चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचे आहेत. टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच्या अंदाजाने तयार करून घुसडतो, आणि जलद हलणाऱ्या पायांभोवती धुरकट कडा येतात. ब्लूटूथ हेडफोनही टॅपसाठी, म्हणजे बुटांच्या ठोक्यांच्या नाचासाठी, नको. आवाज ०.२ सेकंद मागे पडला तर चित्राच्या जवळजवळ पाच फ्रेम मागे पडला. बोलण्यात ते चालून जातं, टॅपमध्ये बूट आधी टेकतो आणि ठोका नंतर ऐकू येतो. तारेचा हेडफोन लाव.

आता एकच नाच घे. 'फॉलो द फ्लीट' (१९३६) मधला 'लेट्स फेस द म्युझिक अँड डान्स'. संगीत आयर्विंग बर्लिनचं. चित्रपट आधी अख्खा बघण्याची गरज नाही, कारण हा नाच चित्रपटातल्या एका रंगमंचावरच्या प्रयोगाचा भाग आहे. जुगारात सगळं हरलेला माणूस पिस्तूल काढतो, तेवढ्यात त्याला कठड्यावरून उडी मारायला निघालेली बाई दिसते. पिस्तूल आणि रिकामं पाकीट दोन्ही फेकून देऊन तो तिला नाचायला घेतो.

हा नाच सलग चार वेळा बघ. पहिल्यांदा नुसता बघ. दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त कॅमेऱ्याकडे लक्ष ठेव, आणि कट आला की कागदावर रेघ मार. गाणं संपून नाच सुरू झाल्यावर तुझा कागद कोरा राहील. जवळजवळ तीन मिनिटांचा हा नाच एका सलग शॉटमध्ये आहे. अस्टेअरचा आग्रहच असा होता की नाचणाऱ्याचं अंग डोक्यापासून बुटापर्यंत चौकटीत राहावं, कट शक्य तेवढे कमी असावेत आणि मध्येच प्रेक्षकांचे चेहरे दाखवू नयेत. ही अट पाळायची तर एक चूक झाली की सगळा नाच पहिल्यापासून.

तिसऱ्यांदा अस्टेअरची जोडीदार जिंजर रॉजर्स हिचा पोशाख बघ. मण्यांनी मढवलेला, लांब बाह्यांचा आणि चांगलाच जड. ती गिरकी घेऊन थांबते, पण घेर थांबत नाही. तो पुढे जाऊन तिच्या पायांना गुंडाळतो आणि मग सुटतो. त्या वजनाचा अंदाज घेऊनच दोघांना पुढचं पाऊल टाकायचं आहे. पहिल्याच टेकमध्ये तिची जड बाही अस्टेअरच्या चेहऱ्यावर सणकून बसली. नंतर बरेच टेक घेतले, तरी चित्रपटात ठेवला तो पहिलाच. चेहऱ्यावर काही दिसतंय का ते शोध. सहज सापडत नाही. चौथ्यांदा फक्त शेवट बघ. दोघं मागे रेलून, गुडघे उंच उचलत विंगेत जातात. ती चाल आधीच्या सगळ्या संथपणाला दिलेलं उत्तर आहे, म्हणूनच एवढी उठून दिसते.

मोजायला शीक. त्या काळातली बहुतेक गाणी ३२ बारची असतात, एका बारमध्ये चार ठोके. आठ-आठ बारचे चार भाग. पहिला, दुसरा आणि चौथा साधारण सारखा, तिसरा वेगळा. त्या तिसऱ्या भागात नाच काय करतो यावर डोळा ठेव. हलका दिग्दर्शक तिथेही तेच पाऊल पुढे ओढतो; अस्टेअर आणि त्याचा सहकारी नृत्यदिग्दर्शक हर्मिस पॅन तिथे दिशा, उंची किंवा अंतर बदलतात. 'टॉप हॅट' (१९३५) मधलं 'चीक टू चीक' मात्र ७२ बारचं आहे, तिथे हा हिशोब लावत बसू नकोस.

टॅपच्या आवाजाबद्दल बऱ्याच जणांची समजूत चुकीची असते. आपल्याकडच्या पार्श्वगायनासारखंच तिथेही गाणं आधी ध्वनिमुद्रित व्हायचं आणि सेटवर ते वाजवून चित्रण व्हायचं. बुटांचे ठोके बहुतेक वेळा नंतर, पडद्यावरचं चित्र बघत, लाकडी फळीवर नाचून भरले जात. अस्टेअर आणि टॅप नर्तकी एलिनॉर पॉवेल आपले ठोके स्वतः भरत. म्हणून ठोका फारच स्वच्छ वाटला तर फसवणूक झाली असं समजू नकोस. तेच काम दोनदा केलेलं आहे. 'रॉबर्टा' (१९३५) मधलं 'आय'ल बी हार्ड टू हँडल' हा अपवाद. तिथे ठोके नाचतानाच टिपलेत, आणि दोघांचं हसूही त्यात आलंय.

कान तयार करायला सगळ्यात चांगला तुकडा 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०' मधल्या 'बिगिन द बिगीन'चा दुसरा भाग. अस्टेअर आणि पॉवेल, आरशासारखी चकचकीत फरशी, आणि मध्ये संगीत थांबतं. उरतात दोघांच्या पायांचे सवाल-जवाब. कथकातली ततकार ऐकलेल्या कानाला इथे लगेच घर सापडेल. फरक एवढाच, की कथकात मन समेची वाट बघतं आणि स्विंगमध्ये, म्हणजे त्या काळच्या जॅझमध्ये, दुसऱ्या-चौथ्या ठोक्याची. टाळी पहिल्या-तिसऱ्यावर पडत असेल तर हात आवर आणि पुन्हा ऐक.

दुसरा मोठा नर्तक जीन केली अगदी वेगळ्या कुळातला. अस्टेअर जमिनीवरून वर उचलल्यासारखा. केलीचं वजन खाली, गुडघे वाकलेले, खांदे खेळाडूचे. कॅमेऱ्याचाही विचार त्याने निराळा केला. पडदा सपाट असल्यामुळे बाजूने जाणाऱ्या नाचाचा जोर कमी होतो, म्हणून तो कॅमेऱ्याच्या दिशेने येतो किंवा कॅमेरा त्याच्याकडे नेतो. 'सिंगिंग इन द रेन' (१९५२) च्या पावसात तो छत्री घेऊन रस्त्यावर मोठं वर्तुळ घेतो, तेव्हाच कॅमेरा वर आणि मागे जातो. ते वर्तुळ मोठं वाटतं ते त्यामुळे. या चित्रणाच्या वेळी केलीला १०३ अंश फॅरनहाइट ताप होता. पाऊस दिसावा म्हणून पाण्यात दूध मिसळलं होतं, ही मात्र दंतकथा. थेंबांच्या मागून प्रकाश टाकला की थेंब चमकतात, समोरून टाकला तर हरवतात. एवढंच त्याचं गुपित.

'रॉयल वेडिंग' (१९५१) मध्ये अस्टेअर भिंतीवर आणि छतावर नाचतो. युक्ती अशी: अख्खी खोली मोठ्या पिंपासारख्या सांगाड्यात बसवलेली, सामान पक्कं ठोकलेलं, कॅमेरा आणि तो चालवणाराही खोलीलाच बांधलेला. खोली फिरते, अस्टेअर कायम तळाशीच असतो. फोनचं ऑटो-रोटेट बंद कर आणि तो भिंतीकडे वळला की फोन असा फिरवत जा की त्याचे पाय सतत खाली राहतील. सेटवर जे घडलं तेच तुला दिसायला लागेल. मग लक्षात येतं की तो चढत नाहीये. खोली वळत असताना तोल कुठेही न दाखवता नव्या तळावर पाऊल टाकतोय. युक्ती कळल्यावर हा नाच मला तरी जास्तच आवडतो.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टॅप हा आफ्रिकन-अमेरिकन नर्तकांनी घडवलेला नाच आहे आणि हॉलिवूडने त्यांनाच दारात उभं ठेवलं. त्यांचे नाच बऱ्याचदा कथेपासून सुटे ठेवले जात, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या, वर्णभेद पाळणाऱ्या भागातल्या थिएटरांत ते कापून टाकता येत. 'स्विंग टाइम' (१९३६) मध्ये खुद्द अस्टेअर चेहरा काळा रंगवून आफ्रिकन-अमेरिकन टॅप नर्तक बिल रॉबिन्सनला मानवंदना देतो. तो नाच बघ, कौशल्यही बघ, पण ते रंगवणं अपमानास्पद होतं हे स्वतःशी गुळमुळीत करू नकोस. त्याच आठवड्यात 'स्टॉर्मी वेदर' (१९४३) मधले निकोलस बंधू बघ. फेयार्ड आणि हॅरल्ड मोठ्या जिन्यावरून एकमेकांच्या डोक्यावरून उड्या घेत उतरतात, प्रत्येक पायरीवर स्प्लिटमध्ये, म्हणजे दोन्ही पाय सरळ फाकवून, पडतात आणि हात न टेकता उठतात. पडणं नको, उठणं बघ. अवघड भाग तो आहे. आणि घरी करून बघू नकोस, मांडीचा स्नायू फाटला तर महिनोन्‌महिने जातात.

आपल्या मुंबईचा धागाही खरा आहे. धोबी तलावचं मेट्रो थिएटर १९३८ साली एमजीएम या हॉलिवूड स्टुडिओनेच उभारलं. शहरातल्या जॅझ बँडमधले गोव्याचे वादक दिवसा फिल्म स्टुडिओत वाजवायचे. 'अलबेला' (१९५१) मध्ये सी. रामचंद्रांचं संगीत, मास्टर भगवानांचा नाच, आणि गोव्यातल्या आल्दोन्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावर. तीन-चार अमेरिकन चित्रपट झाल्यावर तो पुन्हा बघ. ब्रासचा, म्हणजे ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांचा, ठेका वेगळाच ऐकू येईल.

थोडं करूनही बघ, कारण पायाला कळलं की डोळ्यालाही दिसतं. टॅपचे बूट लगेच घेऊ नकोस, कडक चामडी तळव्याचा जुना बूट चालतो. सिमेंटवरच्या टाइल्सवर मात्र नाचू नकोस. हादरा सरळ नडगीत जातो आणि आठवड्यात दुखायला लागतं. तीन बाय चार फुटांची १८ मिलिमीटर प्लायवुडची फळी घे, खाली रबरी मॅट टाक, खालच्या मजल्यावरचेही सुखी राहतील. शिकायचं एकच पाऊल: शफल-बॉल-चेंज. उजवा चवडा पुढे घासायचा, मागे घासायचा, मग चवड्यावर क्षणभर वजन, लगेच डाव्यावर. चार स्वच्छ आवाज आले पाहिजेत. तीनच आले तर बहुधा मागे घासणं गळतंय, कारण घोटा ताठ धरलाय. वेग वाढवायला जोर लावू नकोस. पाऊल जमिनीपासून जितकं कमी उचलशील तितका वेग येतो.

क्रम असा ठेव: 'टॉप हॅट', 'स्विंग टाइम', 'ब्रॉडवे मेलडी ऑफ १९४०', 'स्टॉर्मी वेदर', 'सिंगिंग इन द रेन'. मग 'सेव्हन ब्राइड्स फॉर सेव्हन ब्रदर्स' (१९५४). हा सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद चौकटीचा आहे, इथे काळे पट्टे वर आणि खाली हवेत, नाहीतर सात भावांपैकी टोकाचे भाऊ गायब. शेवटी 'द बँड वॅगन' (१९५३) मधलं 'डान्सिंग इन द डार्क'. अस्टेअर आणि सिड चॅरिस सेंट्रल पार्कच्या सेटवर नुसते शेजारी-शेजारी चालतात, कुणी गात नाही, आणि चालता चालता नाच सुरू होतो. नेमक्या कोणत्या पावलाला सुरू होतो ते शोध. कोण आधी वळतं, कोणत्या ठोक्यावर, तेवढं मला लिहून पाठव. मग सिड चॅरिसच्या बाकीच्या नाचांबद्दल पुढच्या पत्रात बोलू.