‘नीतीने चालतो तो जन्मलेला आहे’ : आधी काय, मागून काय?

परभणीच्या एका ताईंनी विचारलंय : ‘योहानाच्या पहिल्या पत्रात आहे की जो कोणी नीतीने चालतो तो त्याच्यापासून (म्हणजे देवापासून) जन्मलेला आहे. म्हणजे चांगलं वागलं की नवा जन्म मिळतो, असंच ना? आणि मग सरळ पुनर्जन्म का म्हणत नाहीत?’

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या वाक्याच्या क्रियापदांतच आहे. ‘चालतो’ म्हणजे रोजचं, अंगवळणी पडलेलं चालणं. ‘जन्मलेला आहे’ म्हणजे जन्म आधी होऊन गेलाय आणि त्याचा परिणाम आज टिकून आहे. ‘जन्मेल’ असं तिथं नाही. मूळ ग्रीकमध्येही हेच दिसतं : आचरणाचं रूप वर्तमानातलं, जन्माचं ‘गेगेन्नेताइ’ हे रूप पूर्ण काळातलं आणि शिवाय कर्मणी. जन्मणाऱ्यानं तो जन्म स्वतः घडवलेला नाही. रब्बीत आपण बांधावरून बघून म्हणतो ना, जे रान हिरवं दिसतंय ते पेरलेलं आहे? हिरवेपणानं पेरणी होत नसते. पेरल्याचं कळतं मात्र त्याच्यावरूनच.

या पत्रात हेच ‘गेगेन्नेताइ’ आणखीही ठिकाणी येतं. तुम्ही विचारलेल्या 2:29 मध्ये (अध्याय 2, वचन 29) खूण नीतीची, 4:7 मध्ये प्रीतीची, 5:1 मध्ये येशू हाच ख्रिस्त या विश्वासाची. म्हणून एकटी नीती उचलून अर्थ लावू नये, या खुणा एकत्र वाचायच्या. विश्वास आधी की जन्म आधी, हा ख्रिस्ती पंथांतला जुना वाद आहे आणि तो एकट्या क्रियापदाच्या काळावरून मिटायचा नाही. पण चांगल्या वागण्यानं नवा जन्म कमावता येतो, असं या वाक्यातून मुळीच निघत नाही. तीताला लिहिलेल्या पत्रात (3:5) तर उघडच म्हटलंय की तारण आपण केलेल्या नीतीच्या कर्मांनी झालं नाही, देवाच्या दयेनं, नव्या जन्माच्या स्नानानं झालं.

‘नीती’ हा शब्द ‘नी’ म्हणजे नेणे या धातूतला, आणि मराठीत ‘चाल’ म्हणजे वर्तनही : चालचलणूक, चालरीत. त्यामुळे ‘नीतीने चालणे’ मला फार नेमकं वाटतं. पौलाच्या पत्रांतलं ‘नीतिमान ठरणे’ मात्र वेगळं. ‘ठरणे’ हा निवाड्याचा शब्द आहे, निकाल दुसरा कुणी देतो. अब्राहामानं देवावर विश्वास ठेवला आणि ते त्याला नीतिमत्त्व असं गणण्यात आलं, यातलं ‘गणणे’ही तसंच. ‘ठरणे’ आणि ‘चालणे’ यांची सरमिसळ झाली की तुम्हाला पडला तसा प्रश्न पडतो.

विश्वास आणि वागणूक यांचं नातं आपल्या मराठवाडी बोलीत एका शब्दात सापडतं : ‘इमान’. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसवली तेव्हा हा मुलूख निजामाचा होता, 1948 पर्यंत राहिला, आणि कचेरीतली उर्दू इथं घराघरांत मुरली. उर्दू बायबलात ‘ईमान’ म्हणजे विश्वास. आपल्या तोंडी मात्र ‘इमानानं वाग’, ‘लई इमानी माणूस’ म्हणजे सचोटी. अरबीतला श्रद्धेचा शब्द आपल्याकडे वागण्यावर येऊन ठेपला. ग्रीक ‘पिस्तिस’मध्येही विश्वास आणि विश्वासूपणा हे दोन्ही अर्थ आहेत. बेइमान माणसाचा विश्वास, ही जोडी मराठवाड्यातल्या माणसाच्या कानाला खटकतेच, आणि योहानाचं म्हणणं याहून फार दूर नाही.

आता पुनर्जन्म. आपल्याकडे त्याचा अर्थ ठरलेला आहे : मेल्यानंतर, कर्माप्रमाणे, दुसरा देह. ख्रिस्ती शिकवणीतला नवा जन्म याच देहात, जिवंतपणी होतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशूला भेटायला आलेला निकदेमही इथंच अडखळला. म्हातारपणी आईच्या उदरात परत कसं शिरायचं, असं त्यानं विचारलं. येशूच्या तोंडी तिथं ‘अनोथेन’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ ‘पुन्हा’ही होतो आणि ‘वरून’ही. निकदेमानं पहिला धरला, येशू पाण्यापासून आणि आत्म्यापासून होणाऱ्या जन्माबद्दल बोलत राहिला. मराठी ‘नव्याने’मध्ये ती ‘वरून’ची छटा उतरत नाही. ‘देवापासून जन्मलेला’ म्हटलं की ती येते, म्हणून जमेल तिथं मी तेच शब्द वापरते.