चाकांना आणि टायरला एकच क्लीनर चालतो का?

तुम्ही विचारलंय की गाडीला डायमंड कट अलॉय (पुढून कातून चकचकीत केलेली ॲल्युमिनियमची चाकं) आहेत, टायर तपकिरी पडलेत आणि दोन्हीसाठी मिळून एकच ऑल पर्पज क्लीनर घ्यायचा तर कोणता घ्यावा. आधी थेट उत्तर देतो. टायरसाठी यासारखं दुसरं काही नाही, कुठलाही बऱ्यापैकी घ्या. डायमंड कट चाकांना मात्र तो लावू नका. त्यांना गाडीचा साधा शाम्पू पुरतो. एकच बाटली घ्यायचा हट्ट असेल तर ती टायरची म्हणून घ्या.

हे शहाणपण मला जावयाच्या गाडीने शिकवलं. मी साताऱ्याचा. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीला साधे लोखंडी रिम, त्यावर प्लॅस्टिकचे व्हीलकॅप. त्यांच्यावर काहीही ओतलं तरी ते बिचारे सहन करतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत मुलगी आणि जावई पुण्याहून आले, नवी गाडी घेऊन. खंबाटकी घाट उतरून भर दुपारी दारात गाडी उभी राहिली. जावईबापू जेवून आडवे झाले आणि मला हुक्की आली की तोवर गाडीची चाकं लख्ख करून ठेवू. नवा आणलेला क्लीनर होता. पाणी न घालता तसाच फवारला. चाकं अजून गरम, वरून ऑक्टोबरचं ऊन. मी पाइप आणायला मागे गेलो, तेवढ्यात शेजारी बोलायला थांबले. परत येईतो चारही चाकांवर तो वाळून बसलेला. घासलं, धुतलं, पुन्हा घासलं, पण चकाकीवर ओघळांचे पांढुरके डाग राहिलेच. पुढच्या डाव्या चाकाची कड आधीच कुठेतरी फुटपाथला घासलेली होती, तिथला उघडा धातू तर राखाडी पडला. जावई म्हणाले, "राहू द्या हो बाबा, गाडीच आहे." मुलगी काही बोलली नाही. ते जास्त लागलं.

संध्याकाळी त्या क्लीनरचा थेंब पीएच पेपरवर टाकला. कागद गर्द निळा-जांभळा. सामू, म्हणजे पीएच, तेराच्या आसपास. चाळीस वर्षं बाटल्यांवरची लेबलं वाचून पोरांना ओरडत आलो आणि घरची बाटली वाचायची राहिली.

आता कारण सांगतो, कारण निवड त्यावरच ठरते. ऑल पर्पज क्लीनर बहुतेक वेळा आम्लारी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा, असतो. तेल, ओशटपणा, मळ सुटावा म्हणून त्यात सोड्याच्या जातीचे क्षार आणि फेस करणारी द्रव्यं असतात. सामू ९ पासून १३ पर्यंत काहीही असू शकतो, सात म्हणजे ना आम्ल ना आम्लारी. या मोजपट्टीत एकेक अंक म्हणजे दसपट, त्यामुळे ९ आणि १२ मध्ये हजारपटीचा फरक पडतो. लेबलवर दोघांचंही नाव "ऑल पर्पज" हेच. अलॉय चाक म्हणजे ॲल्युमिनियम, आणि ॲल्युमिनियमचं दुखणं असं की तीव्र आम्लही त्याला खातं आणि तीव्र आम्लारीही. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात ॲल्युमिनियमचा तुकडा टाकला की कसे बुडबुडे येतात, ते दहावीत पाहिलं असेल. चाकावर रंग किंवा लॅकर शाबूत आहे तोवर धातूपर्यंत काही पोचत नाही. पण डायमंड कट चाकाचा पुढचा भाग लेथवर कातून चकचकीत केलेला असतो आणि त्यावर फक्त पारदर्शक लॅकरचा थर. खाली रंगाचा आधार नाही. पंक्चरवाल्याच्या मशीनने कड खरचटली, खडा उडाला, की तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली गांडुळासारख्या पांढऱ्या रेघा पसरत जातात. त्यात आम्लारी झिरपली की काम आणखी लवकर होतं. या रेघा कुठल्याच क्लीनरने जात नाहीत. पुन्हा कातून लॅकर मारावं लागतं.

तुम्हाला वाटेल, मग पाणी घालून पातळ करू. मलाही वाटलं होतं. पण दहापट पाणी घातलं तरी तीव्र आम्लारीचा सामू साधारण एका अंकानेच उतरतो, आणि क्षारांचं मिश्रण असेल तर तेवढाही नाही. पातळ केल्याने एकूण माल कमी होतो, धुऊन टाकायला सोपा जातो, हे खरं. निरुपद्रवी होतो असं मात्र नाही. उलट बाजूही सांगतो. काही क्लीनरमध्ये सिलिकेट असतं, ते ॲल्युमिनियमचं बऱ्यापैकी रक्षण करतं. म्हणून नुसता सामू पाहूनही न्याय होत नाही. घरच्या घरी तपासायचं तर पोळ्या गुंडाळायच्या ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा कपात ठेवा आणि ज्या प्रमाणात वापरणार त्याच प्रमाणात क्लीनर पाण्यात कालवून ओता. अर्ध्या तासात बुडबुडे दिसले किंवा फॉइल काळवंडली, तर तो अलॉयच्या जवळ नेऊ नका. अमेरिकेत सिंपल ग्रीन नावाचा क्लीनर घरोघर चालतो. त्याच कंपनीने विमानाच्या धातूंसाठी वेगळा प्रकार काढलेला आहे. एका बाटलीत सगळं भागत असतं तर कशाला काढला असता?

पीएच पेपर नसेल तर हळदीचं बोट लावलेला कागद घ्या. आम्लारी लागली की हळद लाल होते. किती तीव्र ते कळणार नाही, कारण कपडे धुण्याच्या साबणानेही ती लालच होते. पण "न्यूट्रल" असं छापून आम्लारी विकणारा तरी पकडला जातो.

आता टायर. इथे हाच क्लीनर राजा आहे. टायर तपकिरी दिसतो तो फक्त धुळीने नाही. रबर हवेतल्या ओझोनमुळे तडकू नये म्हणून त्यात एक रसायन घातलेलं असतं, ६पीपीडी नावाचं. ते हळूहळू पृष्ठभागावर येतं, ओझोनशी स्वतः भिडतं आणि तपकिरी थर होऊन बसतं. म्हणजे तो रंग टायर खराब झाल्याची खूण नाही, टायर आपलं काम करतोय त्याची आहे. त्यावर जुन्या पॉलिशचा चिकट थर आणि रस्त्याची धूळ. शाम्पूने हे हलत नाही, आम्लारीने हलतं. कोरड्या, थंड टायरवर फवारा, मिनिटभर थांबा, कडक ब्रशने गोल गोल घासा. आमच्याकडे कपडे धुवायचा जुना ब्रश आहे, तो उत्तम. पहिला फेस चहासारखा निघेल. धुवा आणि पुन्हा करा. फेस पांढरा निघाला की टायर स्वच्छ. माझ्या गाडीला पहिल्या वेळी तीन फेऱ्या लागल्या, आता महिन्यातून एक पुरते.

त्या तपकिरी पाण्याबद्दल एक गोष्ट मध्येच सांगतो, कारण आपल्याकडे गाड्या नदीवर नेऊन धुण्याची हौस फार. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात पाऊस पडला की ओढ्यांमधले कोहो सामन मासे मरायचे. २०२० मध्ये त्याचं कारण सापडलं. याच ६पीपीडीचा ओझोनशी संयोग होऊन जे बनतं, ते रस्त्यावरून वाहून पाण्यात जात होतं. आपल्या नद्यांत सामन नाहीत, पण टायर घासलेलं पाणी कृष्णेत सोडायचं कारणही नाही.

मग दुकानात काय पाहायचं? ब्रँड मी सांगणार नाही. तुमच्या गावात काय मिळतं ते मला माहीत नाही आणि टायरच्या कामात त्यांच्यात जो फरक आहे तो पातळ करण्याच्या प्रमाणाने भरून निघतो. पाहायचं ते हे की प्रमाणांचा तक्ता छापलाय का. "टायरसाठी १:४, आतल्या प्लॅस्टिकसाठी १:१०" असं स्पष्ट लिहिणारा कंपनीवाला आपला माल ओळखतो. काही जण ४:१ लिहितात, अर्थ तोच, चार भाग पाणी. बाटलीवर "अनकोटेड किंवा पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमवर वापरू नका" अशी सूचना असेल तर ती माणसं प्रामाणिक आहेत असं समजा आणि ऐका. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या साइटवर सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या मालाच्या सुरक्षेची माहिती देणारं पत्रक, शोधा. त्यात सामू लिहिलेला असतो. ज्याची शीटच मिळत नाही तो मी घेत नाही.

पैशाचा हिशेबही तिथेच आहे. अर्धा लिटरच्या फवाऱ्यात १:४ साठी १०० मिली क्लीनर आणि ४०० मिली पाणी. म्हणजे अर्धा लिटर घट्ट मालाचे अडीच लिटर होतात. तयार फवाऱ्याची स्वस्त वाटणारी बाटली आधीच पाणी घातलेली असते आणि ती पाचपट महाग पडू शकते. पातळ करायला बोअरचं पाणी घेऊ नका, जड पाण्यात फेस मरतो आणि वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. एसीच्या नळीतून गळणारं पाणी साठवा, त्यात क्षार जवळजवळ नसतात. आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्याने मात्र धुवू नका, सगळे क्षार त्यातच जमा झालेले असतात. भरलेल्या फवाऱ्यावर नाव आणि प्रमाण लिहून ठेवा. पाण्याच्या जुन्या बाटलीत तर हे कधीच भरू नका, घरात कुणीतरी तहानलेलं असतंच.

चाकांवरचा काळा थर ही वेगळी भानगड आहे. तो ब्रेकचा चुरा. डिस्क बिडाची असते, पॅड घासले की तिचे आणि पॅडचे तापलेले बारीक कण उडतात आणि लॅकरमध्ये रुततात. पुढे ते गंजून नारिंगी ठिपके दिसतात. पुढची चाकं जास्त काळी होतात, कारण ब्रेकचा जास्त भार पुढे असतो, आणि आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांना मागे ड्रमच असतात. ऑल पर्पज क्लीनर वरचा ओशट थर काढतो, रुतलेलं लोखंड काढत नाही. लोक इथेच चुकतात, निघत नाही म्हणून आणखी घट्ट लावतात. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा वेगळा प्रकार मिळतो. तो लोखंडाला लागला की जांभळा होऊन ओघळतो. त्यात थायोग्लायकोलेट असतं, केस कुरळे करायच्या औषधातलं, म्हणून वास भयंकर येतो. सामू सहसा सातच्या आसपास. वर्षातून दोनदा पुरे. चाकावर सुकू मात्र यालाही द्यायचं नाही. आणि दर आठवड्याला शाम्पूच्या पाण्याने मऊ ब्रश फिरवलात तर कदाचित त्याचीही गरज पडणार नाही.

डांबराचे ठिपके क्लीनरने निघत नाहीत. टार रिमूव्हर घ्या, किंवा फडक्याला थोडं रॉकेल लावून फक्त रंगाच्या भागावर पुसा आणि लगेच शाम्पूने धुवा. रबराला रॉकेल-डिझेल लागू देऊ नका. रबर फुगतं आणि कमजोर होतं. धुलाई केंद्रावर डिझेल मारून टायर काळेभोर करून देतात तेव्हा आपण खूश होतो, हे त्यातलं वाईट. संडास साफ करायचं ॲसिड चाकांना लावणारेही मी पाहिलेत. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. पाच मिनिटं चाक चमकतं, मग ब्रेकची डिस्क, नट आणि लॅकर त्याची किंमत मोजतात. त्यातच कुणी ब्लीचिंग पावडर टाकली तर क्लोरीन वायू सुटतो. हा विनोद नाही.

करताना गाडी सावलीत, चाकं हाताला थंड लागली पाहिजेत. घाटातून आला असाल तर तासभर तरी थांबा, तापलेल्या डिस्कवर गार पाणी मारणंही बरं नाही. हातमोजे घाला. एका वेळी एकच चाक घ्या, आधी टायर घासा, क्लीनर रिमवर उडाला तर लगेच धुवा, मग शाम्पूने रिम. टायरचा ब्रश आणि रिमचा ब्रश वेगळा. ही बादली गाडीच्या रंगाला वापरायची नाही, तिच्या तळाशी लोखंडाचा चुरा असतो. टायर पूर्ण वाळल्यावर पाण्यात बनवलेलं ड्रेसिंग, म्हणजे टायरचं पॉलिश, हलकं लावा, फक्त बाजूच्या भिंतीला. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर ते गेलं तर पहिल्याच वळणावर कळेल.

आणि धुतल्यावर गाडी तशीच लावून ठेवू नका. गल्लीतून एक चक्कर मारा, चार-पाच वेळा हलका ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क वाळतील. तरी सकाळी डिस्कवर तांबूस गंज दिसला तर घाबरू नका, पहिल्या ब्रेकला तो निघून जातो. माझ्या जावयांनी त्या दिवाळीत तोही माझ्याच नावावर मांडला होता.