तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही

प्रश्न : नमस्कार डॉक्टर, आम्ही गुहागर तालुक्यातले. आई ५८ वर्षांची, गेली तीसेक वर्षं रोज मशेरी लावते. डाव्या गालाच्या आत दीड महिन्यापासून जखम आहे, भरतच नाहीये. चिपळूणच्या दातांच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासा म्हणून सांगितलंय, पण आत्या म्हणते गाठीला ब्लेड लागलं की ती चवताळते, वाडीत एकाचं तसंच झालं. आई म्हणते शिमगा होऊ दे, पालखी घरी येऊन जाऊ दे, मग बघू. रक्त तपासून कळणार नाही का? आणि स्टेज कशावरून ठरवतात?

उत्तर : ताई, पहिलं सांगतो, शिमग्यापर्यंत थांबू नका. तोंडातली जखम दोन-तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायचीच, तुमचा तर दीड महिना झालाय.

आत्यांची भीती मला कळते, कारण हे मी रोज ऐकतो. होतं काय, माणूस घाबरून सहा-आठ महिने काढतो, मग तुकडा काढतात, तोपर्यंत आजार आधीच पुढे गेलेला असतो आणि नाव येतं ब्लेडवर. तोंडातला तुकडा काढल्याने कॅन्सर पसरत नाही. जागा बधिर करतात, जखमेच्या कडेवरून, जिथे चांगली आणि बिघडलेली कातडी एकत्र दिसते तिथून, तूरडाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, तुकडा खराब होऊ नये म्हणून फॉर्मॅलिन या औषधाच्या बाटलीत टाकतात, लागलाच तर एखादा टाका, आणि बहुतेक पेशंट त्याच दिवशी घरी जातात. पुढे लॅबमध्ये तो मेणात बसवून त्याचे केसाहून पातळ काप काढतात, रंग देतात आणि मायक्रोस्कोपखाली बघतात. काही दिवसांत रिपोर्ट येतो. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा शुगर असेल तर आधी सांगा.

रक्तावरून तोंडाच्या कॅन्सरचं निदान होत नाही. रक्त तपासतात ते ऑपरेशन झेपेल का, शुगर-किडनी कशी आहे ते बघायला.

आणि तुकड्यात कॅन्सर निघेलच असंही नाही हो. पण रिपोर्ट चांगला आला आणि जखम तशीच राहिली, तर परत दाखवायचं, कधीकधी तुकडा दुसऱ्यांदा घ्यावा लागतो.

आता स्टेज. रिपोर्टमध्ये 'मॉडरेटली डिफरन्शिएटेड' असं काही लिहिलेलं असतं, लोक तीच स्टेज समजतात, पण ती ग्रेड, म्हणजे पेशी किती बिघडल्यात ते. स्टेज म्हणजे आजार किती पसरलाय. ती टी, एन आणि एम या तीन अक्षरांवर ठरते. टी म्हणजे जखम केवढी आणि किती खोल, २ सेंमीपर्यंत रुंद आणि ५ मिमीपर्यंत खोल असेल तर टी-१. एन म्हणजे मानेतल्या गाठी, म्हणून डॉक्टर जबड्याखाली बोटांनी चाचपतात, शंका आली तर सुईने गाठीतल्या थोड्या पेशी ओढून तपासतात. एम म्हणजे फुप्फुसासारख्या लांबच्या अवयवात गेलाय का. यासाठी सीटी किंवा एमआरआय, काहींना पेट स्कॅन, म्हणजे सगळ्या अंगाचा स्कॅन. जखम छोटी असली तरी मानेतल्या एका गाठीत आजार सापडला की स्टेज निदान तिसरी होते. जबड्याचं हाड धरलं तर चौथी, आजार तोंडापुरताच असला तरी. म्हणून चौथी ऐकून लगेच हाय खाऊ नका, अशांवरही ऑपरेशन आणि रेडिएशन करून बरं करायचाच प्रयत्न असतो. ऑपरेशननंतर काढलेला भाग तपासला की स्टेज बदलूही शकते.

एक खलाशी काका होते, जानेवारीत जखम छोटी होती, जूनमध्ये होड्या वर ओढल्यावर आले तेव्हा तोंडात एकच बोट जात होतं. एरवी तीन बोटं उभी जायला हवीत. आईला आज तोंड उघडायला सांगून बघा. मशेरी आजपासून बंद.

डेरवणच्या वालावलकर हॉस्पिटलमध्ये कॅन्सरचे उपचार होतात, महात्मा फुले योजनेत बसतं का तेही तिथे विचारा, रेशनकार्ड आणि आधार सोबत न्या. पुढे परळच्या टाटाला जायचं झालं तर रिपोर्टबरोबर स्लाइड, म्हणजे काप लावलेली काच, आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉकही मागून घ्या, तिकडे तेच परत तपासून बघतात.