सर्पेन्टाइन एकच, मग आकडे वेगळे का?

लातूरकडच्या विहिरीत निघालेला हिरवा दगड सर्पेन्टाइन हे खनिज आहे का, आणि पुस्तकात समुद्रतळाच्या नि सबडक्शनच्या (एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचा मोठा तुकडा, दुसऱ्याखाली बुडतो त्या जागेच्या) सर्पेन्टिनाइटचे, म्हणजे सर्पेन्टाइनच्या खडकाचे, रासायनिक आकडे जुळत का नाहीत, असं विचारलंस.

विहिरीचं आधी सांगतो. मांजऱ्या खडकाच्या, म्हणजे पोकळ्या असलेल्या बसाल्टच्या, पोकळ्यांत बसलेला तो मऊ हिरवा थर बहुधा सेलाडोनाइट हे दुसरंच खनिज असेल. त्यात पोटॅशियम असतं, सर्पेन्टाइनमध्ये जवळपास नसतंच. शिवाय सर्पेन्टिनाइट मुख्यतः प्रावरणातल्या (पृथ्वीच्या कवचाखालच्या जाड थरातल्या) पेरिडोटाइट खडकात पाणी मुरून होतो, आणि तिथं आहे बसाल्ट.

आता आकड्यांचं. बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, हे आपल्याकडं घरोघरी माहीत आहे. सर्पेन्टिनाइटचा तक्ता वाचतानाही डाळ कुठली आणि पाणी कुठलं, हे दोन प्रश्न वेगळे ठेव.

डाळ म्हणजे मूळ प्रावरण. ॲल्युमिनियम पाण्याबरोबर फारसं हलत नाही, पण खडक वितळला की लाव्ह्याबरोबर निघून जातं. सागरी खंदकालगतचं, बुडत्या भूपट्टाच्या वर असलेलं प्रावरण आधीच खूप वितळून गेलेलं असतं. म्हणून तिथं ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचं ऑक्साइड) भागिले सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) हे गुणोत्तर बहुधा ०.०३ च्या खाली येतं. मध्य-सागरी रांगेत, म्हणजे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात त्या समुद्रतळावरच्या डोंगररांगेत, ते साधारण जास्त, आणि पोर्तुगालजवळच्या खंडकिनाऱ्यासारख्या जागी, जिथं वितळणं कमी झालं, तिथं आणखी जास्त.

पाण्याची गोष्ट जास्त रंगतदार आहे. मध्य-सागरी रांगेत थेट समुद्राचं पाणी मुरतं, त्यामुळं बोरॉन, क्लोरिन, युरेनियम चढतं. पश्चिम पॅसिफिकमधल्या मारियाना खंदकाजवळ मात्र बुडत्या भूपट्टातून आणि त्यावरच्या गाळातून पिळून निघालेलं पाणी वर येतं, आणि आर्सेनिक, अँटिमनी, सीझियम सोबत आणतं. लडाखच्या त्सो मोरारी भागातल्या सर्पेन्टिनाइटमध्येही आर्सेनिक-अँटिमनी असंच चढलेलं मिळालं. भूपट्ट खोल गेला की लिझार्डाइटचं अँटिगोराइट होतं (दोन्ही सर्पेन्टाइनचेच प्रकार) आणि बोरॉन, क्लोरिन उतरत जातं. साधारण ६०० ते ७०० अंश सेल्सिअसला अँटिगोराइटही मोडतं आणि उरलेलं पाणी सोडून देतं.

युरेनियमवर एकट्यावर निकाल देऊ नकोस. उघड्यावर झिजलेल्या दगडातही ते चढतं. आणि सर्पेन्टाइनच्या वजनात सुमारे १३ टक्के पाणी असतं. ते वजा न करता पेरिडोटाइटशी ऑक्साइडची टक्केवारी ताडून मी सुरुवातीला बरेच महिने चुकीचे आलेख काढले होते. तुझ्या तक्त्यात तापवल्यावर घटलेल्या वजनाचा रकाना असेल, तो आधी शोध.