ग्राफाइटच्या साठ्याचा ग्रेड 12 टक्के असेल, तर तो बॅटरीसाठी चांगला म्हणायचा का?

ओडिशात ग्राफाइटचा खंड (शोधासाठी व खाणीसाठी आखलेले क्षेत्र) हाती असलेली एक कंपनी बॅटरीसाठी माल काढणार असल्याचे सांगते, तिच्या माहितीपत्रकात सरासरी ग्रेड, म्हणजे खडकातले कार्बनचे प्रमाण, 12 टक्के दिला आहे, तर तो चांगला आहे का आणि खाण सुरू व्हायला किती वर्षे लागतील, असे आपण विचारले आहे. ग्रेडच्या एका आकड्यावर ग्राफाइटचा साठा जोखणे साफ चूक आहे, असे माझे मत आहे. मुंबईत बसून खाणींत पैसे घालणाऱ्यांना सोन्यातांब्याची सवय असते आणि तिथे धातू एकदा खडकातून सुटला की त्याचा खडकातला आकार कोणी विचारत नाही. ग्राफाइट खडकात पातळ पापुद्र्यांच्या रूपात असतो आणि तो पापुद्रा केवढा आहे, किती जाड आहे आणि कशाला चिकटून बसला आहे, यावर पुढची सगळी किंमत ठरते. दळताना मोडलेला पापुद्रा पुन्हा सांधता येत नाही. कॅनडात क्वेबेकमधला मातावीनी हा प्रकल्प साधारण 4 टक्के ग्रेडवर उभा राहतो आहे. उलट मोझांबिकमधल्या बालामा खाणीचा ग्रेड त्याच्या कितीतरी पट असूनही भाव पडल्यावर तिला उत्पादन अधूनमधून थांबवावे लागले.

या विषयावर मी इतक्या तावातावाने लिहिते याला कारण आहे. मी भूवैज्ञानिक आहे आणि काही वर्षे फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत शोधकार्याचे काम पाहत होते. पूर्व घाटातल्या खोंडालाइट नावाच्या रूपांतरित खडकात आमचे क्षेत्र होते. ग्राफाइट वीज वाहून नेतो, त्यामुळे विद्युत सर्वेक्षणात पट्टा ठळक दिसला, पहिली विंधनछिद्रे नेमकी त्यावर बसली आणि ग्रेड दोन आकडी आला. कार्यालयात आनंदीआनंद होता. मी कोअरच्या, म्हणजे विंधनछिद्रातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलाच्या, पेटीतून वीतभर तुकडा मुंबईला आणला होता. तो बैठकीत हातोहात फिरला, सगळ्यांची बोटे काळी झाली आणि भिंगातून पाहणाऱ्या प्रत्येकाला मोठे, चकचकीत पापुद्रे दिसले. पण त्याच तुकड्याचा घासून चकचकीत केलेला छेद मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा एकसंध वाटणाऱ्या त्या पापुद्र्यांत, घडीच्या पोळीच्या पदरांत पिठी असावी तसे, काळ्या अभ्रकाचे पातळ थर शिरलेले होते. दळलेला खडक पाण्यात घालून हवेच्या बुडबुड्यांनी ग्राफाइट वर तरंगवतात, त्याला फ्लोटेशन म्हणतात. असा पापुद्रा त्या टाकीत फेसाबरोबर वर येतो खरा, पण अभ्रकालाही सोबत घेऊन येतो. ते सोडवायचे तर माल पुन्हा दळावा लागतो आणि पुन्हा दळला की पापुद्र्याचा चुरा होतो.

ड्रिलिंगची दुसरी फेरी सुरू करण्याआधी काही किलो कोअर प्रयोगशाळेत देऊन फ्लोटेशनची चाचणी करून घ्यावी, असे टिपण मी दिले. आमचे वित्तप्रमुख म्हणाले, “मॅडम, आधी साठा मोठा दाखवू या, प्रयोगशाळेचे मागाहून बघता येईल.” मी म्हणाले, “साहेब, जो माल विकता येणार नाही, त्याला साठा कसे म्हणायचे?” टिपण फायलीला लागले आणि ड्रिलिंग झाले. साठ्याचे टन वाढले. चाचणी झाली ती त्यानंतर, आणि पापुद्रे शाबूत ठेवून कार्बन 90 टक्क्यांच्या वर काही जाईना. प्रकल्प गुंडाळला गेला, खर्च झालेला पैसा भागधारकांचा होता आणि क्षेत्रावर उन्हातान्हात राबलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना दुसरीकडे नोकऱ्या शोधाव्या लागल्या. याचा राग मला आजही येतो.

बॅटरीची गरज किती कडक आहे, हेही लक्षात घ्या. फ्लोटेशनमधून साधारण 95 टक्के कार्बनचा सांद्रित (खडक वेगळा काढलेला) माल हाती आल्यावर तो बारीक करून त्याचे कण गोल केले जातात आणि त्यात जुन्या पद्धतीने निम्म्याहून अधिक माल भुकटी होऊन बाजूला पडतो. उरलेला माल 99.95 टक्क्यांपर्यंत शुद्ध करावा लागतो. चीनमध्ये त्यासाठी प्रामुख्याने हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते अत्यंत घातक असल्याने इतरत्र अल्कलींबरोबर भाजण्याची किंवा अतिउच्च तापमानाची पद्धत वापरू पाहतात. शेवटी कणांवर कार्बनचा पातळ लेप चढतो, तेव्हा कुठे तो माल ॲनोडमध्ये, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकात, जातो. म्हणून “आमचा ग्राफाइट बॅटरीच्या दर्जाचा आहे” असे जी कंपनी केवळ कोअरच्या विश्लेषणावरून सांगते, तिच्यावर मी विश्वास ठेवत नाही. तो 12 टक्के आकडा नेमका कशाचा, हेही विचारा, कारण एकूण कार्बनमध्ये कॅल्साइटसारख्या कार्बोनेट खनिजांतला कार्बनही मोजला जातो आणि पूर्व घाटात अशा चुनखडीयुक्त खडकांचे पट्टे आहेत.

वर्षांबद्दल थोडक्यात सांगते. खंड प्राथमिक शोधाच्या पातळीवर असेल, तर सविस्तर शोध, नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोकडून खाण आराखड्याची मंजुरी, पर्यावरण मंजुरी आणि जमीन वनात असल्यास वन मंजुरी, एवढे सगळे पार पडायचे असते. दहा वर्षांपेक्षा कमी मनात धरू नका.

निष्पक्षपणे काही गोष्टी नोंदवायला हव्यात. ॲनोडसाठी मुख्यतः बारीक पापुद्रेच वापरतात. मोठ्यांना भट्टीची उष्णता सोसणाऱ्या विटांच्या आणि प्रसरणशील (तापवल्यावर फुगणाऱ्या) ग्राफाइटच्या उद्योगात जास्त भाव मिळतो, त्यामुळे खाणीचा हिशेब दोन्ही मिळून बसतो. कारखान्यात बनणाऱ्या कृत्रिम ग्राफाइटची स्पर्धाही मोठी आहे आणि बालामाला तिचा फटका बसला. दुसऱ्या बाजूने, चीनने 1 डिसेंबर 2023 पासून ग्राफाइटच्या निर्यातीवर नियंत्रणे आणली आणि आपल्या सरकारनेही त्याच वर्षी 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत ग्राफाइट घातला, तेव्हा देशी मालाला मागणी असणार, यात मला शंका नाही. चांगले साठे शोधले गेले पाहिजेत, असे मला मनापासून वाटते.

तरीही पैसे घालण्याआधी कंपनीकडे फ्लोटेशनच्या चाचणीचा अहवाल मागा; सांद्रित माल किती टक्के कार्बनचा निघाला आणि चाळताना कोणत्या जाळीवर किती उरला (म्हणजे पापुद्रे केवढे आहेत), हे त्यात असायला हवे. “ते पुढच्या टप्प्यात” असे उत्तर आले, तर पैसे घालू नका. अशा चाचणीला ड्रिलिंगच्या एका फेरीच्या मानाने किरकोळ खर्च येतो, हे मी त्या बैठकीत कागदावर मांडून दाखवले होते. नमुना वरच्या कुजलेल्या, मऊ खडकातला आहे की खालच्या ताज्या खडकातला, हेही पाहा, कारण मऊ खडकात पापुद्रे सहज सुटतात आणि तेवढ्यावर केलेली चाचणी खाण खोल गेल्यावर लागू पडत नाही.